नऊची शेपटी

"बाई, ही वाकडीतिकडी नाणी तुम्ही घरी हातोडीनं ठोकून बनवता का हो?"

तोंड माझं होतं, पण प्रश्न वकिलीणबाईंचा होता. वकिलीण आणि टाचणी या माझ्या वर्गातल्या दोघी. एक भिंतीशीही वाद घालते, दुसरी अंगानं बारीक आणि बोलणं टोचरं. मला त्या भोंगा म्हणतात. गेल्या वर्षीपर्यंत मी "पाणी प्यायला जाऊ का" हेसुद्धा बाईंना विचारत नव्हते. मग खेळाच्या दिवशी माइक बंद पडला, कुणीतरी मला पुढे ढकललं आणि पळणाऱ्या मुलींची नावं मी नुसत्या गळ्यानं अख्ख्या मैदानाला ऐकवली. तेव्हापासून मी भोंगा, आणि खरं सांगायचं तर तेव्हापासून मला स्वतःचा आवाज फार आवडतो.

शाळेच्या वाटेवर दोन इमारतींच्या मधे एक झाकलेला बोळ आहे. आधी किल्ल्या बनवणारा, मग बूट शिवणारा आणि शेवटी कपाटाएवढं रुंद एक दुकान. काचेत नाणीच नाणी. जुनी, सोन्याचांदीची वगैरे नाहीत, आपल्या खिशात खुळखुळतात तसली चिल्लर. पण एकावरचं चित्र अर्धं बाहेर सांडलेलं, एकाचा कोणीतरी बिस्किटासारखा घास घेतलेला, एकावरची अक्षरं डोळ्यांत पाणी असताना दिसतात तशी दुहेरी. आणि ज्या नाण्यात साधी गोळी येत नाही, त्याची किंमत एका सायकलीएवढी!

"चक्क फसवणूक आहे," वकिलीण म्हणाली. "घरी ठोकत असणार."

"भोंगा विचारेल," टाचणी म्हणाली. "हिंमत असेल तर."

झालं. मी आत. त्या दोघी बाहेर, काचेला नाकं लावून.

दुकानात एक बाई बसल्या होत्या. पांढरे, कानापर्यंत कापलेले केस, गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं भिंग. सगळा बोळ त्यांना भिंगबाई म्हणतो. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी टेबलाखाली हात घातला आणि हातोडी काढून माझ्यापुढे ठेवली. शेजारी एक बिल्ला ठेवला, मुलांच्या खेळांच्या यंत्रात टाकतात तसला पितळी.

"ठोक," त्या म्हणाल्या. "बनव मला एक. चांगलं जमलं तर उद्यापासून पगारावर ठेवते."

मी ठोकला. बिल्ला उडून त्यांच्या चहात पडला. काढून पुन्हा ठोकला. अगदी घाम येईपर्यंत ठोकला. शेवटी तो चेचलेल्या बटणासारखा झाला, खालची बाजू सपाट आणि कडेला फाटलेला.

"आता हे बघ." त्यांनी काचेतलं ते दुहेरी अक्षरांचं नाणं आणि भिंग माझ्या हातात दिलं. "डोळा भिंगाला चिकटव. नाणं जवळ आण. भिंग हलवायचं नाही, नाणं हलवायचं."

आणि मला दिसलं. दुहेरी अक्षर चेचलेलं नव्हतं. प्रत्येक अक्षराशेजारी त्याचं जुळं उभं होतं, तितकंच गोल, तितकंच उंच, आणि टोकाला दोघांच्या मधे एक इवलीशी खाच. हातोडीनं हे जन्मात होणार नाही.

"टाकसाळीत आधी ठसा बनतो," भिंगबाई म्हणाल्या. "पोलादाचा. त्याच्यावर चित्र उमटवताना एकदा दाबलं, पुन्हा दाबलं, आणि दुसऱ्यांदा तो केसभर सरकला, की चित्र दोनदा उमटतं. मग त्या ठशातून पडेल ते प्रत्येक नाणं तसंच. आईच्या गालावर तीळ आणि सगळ्या पोरांच्या गालावर तीळ. याला म्हणायचं खरं दुहेरी."

"आणि खोटं दुहेरी?"

त्या पहिल्यांदा हसल्या. "ते शिकायला रोज यावं लागतं. या बोळात खरं बोलणारी दोनच माणसं आहेत. एक मी. दुसरं मी अजून शोधतेय."

मी बाहेर आले तेव्हा टाचणी म्हणाली, "काय गं, ओरडल्या?"

"मला नोकरी देणार होत्या," मी म्हटलं.

मी रोज जायला लागले.

भिंगबाईंसारखं माणूस मी पाहिलेलं नाही. विनय त्यांना ठाऊक नाही. "माझ्यासारखा डोळा शंभर गावांत नाही," असं त्या सरळ म्हणतात, आणि पुढच्याच मिनिटाला ते खरं करून दाखवतात. गिऱ्हाइकानं मूठभर चिल्लर ओतली की त्यांची बोटं धान्य निवडल्यासारखी फिरतात. हे कापलेल्या पत्र्याच्या टोकाचं, म्हणून घास घेतलेलं. हे ठशाला तडा गेलेलं, म्हणून मानेवर रेघ. हे तर कोणीतरी करवतीनं कापलंय, घरी जा. एका माणसानं मोठ्या तोऱ्यात दोन्ही बाजूंना एकच चित्र असलेलं नाणं आणलं. भिंगबाईंनी ते नुसतं टेबलावर टाकलं, आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "दोन नाणी तासून चिकटवलीत. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा." खरं निघालेल्या नाण्याला त्या पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवतात आणि कडेला हिरव्या शाईनं सही करतात. ती हिरवी सही असली की नाणी जमवणारे लोक पुढचा प्रश्न विचारत नाहीत. डोळे मिटून विकत घेतात. भिंगबाईंची सगळी इस्टेट म्हणजे ती सही.

खोटं दुहेरी मला त्यांनी नीट शिकवलं. ठसा चांगलाच असतो, पण यंत्रात सैल बसलेला असतो. नाण्यावर आपटला की वर उठताना जरासा घसरतो आणि उमटलेलं अक्षर कडेला घासतो. तिथे एक सपाट पायरी पडते. लांबून दुहेरी दिसतं, पण दुसरं अक्षर जन्मलेलंच नसतं. पहिल्याचंच अंग तासलेलं असतं.

"म्हणून काय बघायचं?" त्या विचारायच्या.

"खऱ्यात अक्षर जाड होतं, खोट्यात बारीक. खऱ्यात खाच, खोट्यात पायरी."

"आणि नियम?"

"आधी दिवा, मग भिंग, मग तोंड."

"तुझं उलटं चालतं. आधी तोंड, मग तोंड, मग पुन्हा तोंड."

दिवा टेबलावर होताच. झगझगीत, कड्यासारखा गोल, मधे भोक, त्याखाली नाणं ठेवायचं. नाणेमित्र मंडळाच्या अध्यक्षांनी तो भिंगबाईंना भेट दिला होता, मी जायला लागले त्याच्या थोडंच आधी. अध्यक्ष म्हणजे दातांचे निवृत्त डॉक्टर. त्या दिव्याखाली नाणं कसं दुधात न्हाल्यासारखं दिसायचं. जुना दिवा, पोचा आलेला, मान वाकडी झालेला, फळीवर धूळ खात होता.

आता घरचं सांगते. आमचं कपडे धुण्याचं दुकान आहे. मशीनच्या दोन रांगा, त्यांत लोक नाणी टाकतात आणि आपापले कपडे धुतात. बाबा मशीन सांभाळतात, आई कोपऱ्यात शिलाईचं यंत्र घेऊन बसते, चेन बदल, काठ दुमड, खिसा शिव. म्हणजे बघा, ज्या चिल्लरसाठी लोक बँकांच्या दारात उभे राहतात ती आमच्याकडे डबे भरभरून येते, आणि मी जन्मापासून तिच्यावर नुसती बसले होते!

दर शनिवारी बाबा मशीनचे डबे रिकामे करतात. आता मी प्रत्येक नाणं भिंगबाईंनी दिलेल्या एका भिंगाखालून घालायला लागले.

"तू नाणी बघतेस की त्यांची पत्रिका?" बाबा म्हणाले. "यंत्रात पडलं, कपडे धुतले, संपलं त्याचं आयुष्य."

"बाबा, कळत नाही त्यात बोलू नये."

"ऐकलंस का?" बाबा आईला म्हणाले. "काल हिला बुटाची नाडी बांधता येत नव्हती."

"आता नाडीला भिंग बांधते," आई म्हणाली.

आणि त्याच शनिवारी मला ते सापडलं. छोटंसं, काळपट, सगळ्यांत हलक्या किमतीचं नाणं. सालातल्या नऊच्या आकड्याला दोन शेपट्या! एक खाली वळलेली आणि तिच्या शेजारी दुसरी. मी अशी किंचाळले की मोजे वाळवायला आलेल्या एका आजोबांनी टोपली खाली टाकली.

मी धावत बोळात गेले. भिंगबाईंनी नाणं गोल दिव्याखाली ठेवलं. भिंग लावलं. माझ्या तोंडाचा पट्टा चालूच होता, "बाई, जाड आहे ना? खाच आहे ना? शेपटी गोल आहे ना?" त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. मग म्हणाल्या, "भोंग्या, हे खरं आहे. आणि या सालाचं असं अजून कुणी दाखवलेलं नाही."

हिरवी सही पडली. पुढच्या रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत मंडळाची सभा होती. तिथे भिंगबाई स्वतः ते नाणं मांडणार होत्या, शोधणारीचं नाव म्हणून माझं नाव घेऊन. मग काय! सोमवारी शाळेला कळलं, मंगळवारी शाळेच्या शिपायाला, बुधवारी वकिलीण माझ्या बाजूनं भांडायला लागली. बाबा तर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते, "आमच्या मशीनमधून निघालं बरं का! चार नंबरच्या!"

सभेच्या आदल्या संध्याकाळी भिंगबाईंनी नाणं माझ्याकडे दिलं. "घरी दाखव. उद्यापासून ते जगाचं."

आई काळ्या पँटचा काठ उसवत होती. काळ्या कापडावर काळा दोरा. अशा वेळी ती तिचा लांब मानेचा दिवा पार खाली वाकवते, इतका की उजेड कापडावरून सरपटत जातो. "वरून उजेड पडला की काळ्यात काळं बुडतं," ती म्हणते. "आडवा पडला की टाका उठून दिसतो." हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. मी तिच्या टेबलाच्या कडेला नाणं ठेवलं, नुसतं डोळे भरून बघायला. भिंग लावलं.

शेपटीची सावली पडत नव्हती.

मी नाणं फिरवलं. नऊच्या गोलाची सावली पडत होती, शेजारच्या आकड्यांची पडत होती. दुसरी शेपटी मात्र जमिनीसारखी सपाट, चकचकीत. पायरी. आणि तिच्यापायी नऊ बिचारा शेजारच्या आकड्यांपेक्षा बारीक झालेला. तासलेला. खाच कुठेच नव्हती. आठवडाभर मी रोज बघितलं होतं आणि नसलेली खाच मला दिसत होती.

"काय झालं?" आईनं विचारलं. मी गप्प बसले की आमच्या घरी लोक घाबरतात.

"आई, माझं नाणं खोटं आहे."

"कोण म्हणतं?"

"तुझा दिवा."

बाबा चादरी घडी करत होते ते थांबले. "अगं पण बाईंनी सही केलीय ना? मग? त्यांच्यापेक्षा तुला जास्त कळतं?"

नाही. तेच तर! मला त्यांच्या नखाएवढंही कळत नव्हतं. मग त्यांना का दिसलं नाही? आणि तेव्हा मला आठवलं. गोल दिवा. त्याचा उजेड चारी बाजूंनी येतो, सावलीच राहत नाही. सावली नाही तर पायरी आणि गोलाई सारखीच. म्हणजे प्रश्न माझ्या एका नाण्याचा नव्हता. तो दिवा आल्यापासून भिंगबाईंनी ज्या ज्या नाण्यावर सही केली, त्या प्रत्येकाचा होता. लोकांना हे बाहेरून कळलं असतं, तर ती हिरवी सही रस्त्यावरच्या रंगाच्या फराट्याएवढीही उरली नसती.

"उद्या सांगशील?" आईनं दोरा तोडत विचारलं.

"सभेत माझं हसं होईल."

"मी ते नाही विचारलं."

रविवारी सकाळी मी दुकान उघडायच्या आधीच दारात उभी होते. भिंगबाईंनी इस्त्रीचा सदरा घातला होता, सभेसाठी. मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या हळू बोलले की त्यांना "काय?" म्हणावं लागलं.

"पायरी?" त्यांचा चेहरा लाल झाला. "कालची पोर, माझंच भिंग, आणि मलाच पायरी दाखवतेस? मी तुझ्या वयाची असताना..." आणि त्या मधेच थांबल्या. "कुठल्या दिव्याखाली पाहिलंस?"

"आईच्या. शिलाईच्या. आडवा धरून."

त्या स्टुलावर चढल्या, फळीवरून तो पोचा आलेला दिवा काढला, सदऱ्याच्या बाहीनंच पुसला. इस्त्रीच्या सदऱ्याच्या! दिवा लावला, मान खाली वाकवली, नाणं ठेवलं. फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग विक्रीच्या खणातलं दुसरं एक नाणं घेतलं. ते बरोबर होतं. तिसरं बरोबर होतं. चौथं त्यांनी चौकटीतून काढून बाजूला ठेवलं.

"हेही गेलं," त्या म्हणाल्या.

मला रडू येत होतं. "बाई, आपण कुणाला सांगायलाच नको. माझं नाणं हरवलं म्हणते मी. बाकीची तुम्ही हळूहळू गुपचूप..."

"दिवा भेट मिळाला," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आणि मी हरखले. आधी दिवा, आधी दिवा म्हणून तुला पढवत राहिले, आणि स्वतः दिव्याकडे एकदाही बघितलं नाही." मग त्यांनी गोल दिव्याची वायर गुंडाळली. "चल. तो जुना घे काखेत. उशीर होईल."

वाचनालयाच्या खोलीत खुर्च्या भरल्या होत्या. वकिलीण आणि टाचणी पहिल्या रांगेत, जणू त्यांचंच लग्न. डॉक्टर उठून म्हणाले, "आज भिंगबाई आपल्याला एक नवं दुहेरी नाणं दाखवणार आहेत."

"नाही दाखवणार," भिंगबाई उभ्या राहिल्या. "ते दुहेरी नाही. मी सही केली ती चुकीची केली. ही पोर आहे ना, हिनं पकडलं. आणि एवढ्यावर भागत नाही. हा नवा दिवा आल्यापासून मी पाहिलेलं कुठलंही दुहेरी नाणं तुमच्याकडे असेल, तर माझी सही धरू नका. परत आणा. मी पुन्हा बघेन. खोटं निघालं तर ते माझं."

टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. आमची टाचणी नव्हे, खरी.

"पण बाई," डॉक्टर हिरमुसले, "दिवा अगदी उत्तम आहे हो! मी तीस वर्षं तसलाच वापरला."

"उत्तमच आहे, डॉक्टर. दातांसाठी. तुम्हाला तोंडात सावली नको असते. मला सावलीच बघायची असते."

कुणीतरी फिसकन हसलं, पण मागून एक जण चिडून उठला. "म्हणजे इतके दिवस आम्ही कुणाच्या भरवशावर घेत होतो?"

"माझ्या," भिंगबाई म्हणाल्या. मान ताठ, आवाज खणखणीत. "म्हणूनच मी सांगतेय. दुसऱ्यानं सांगायची वाट बघत नाही."

त्या माणसानं खिशात हात घालून एक चौकट काढली, हिरव्या सहीची, आणि पुढे येऊन टेबलावर ठेवली. "मग आत्ताच बघा," तो म्हणाला.

मी जुना दिवा लावला. मान वाकवली. भिंगबाईंनी नाणं बघितलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. "तू सांग. मोठ्यानं."

आधी दिवा, मग भिंग. मी नाणं फिरवलं. अक्षराच्या जुळ्याची सावली पडली, गोल, काळी, स्पष्ट. टोकाला खाच.

"खरं आहे!" मी म्हटलं, आणि खालच्या मजल्यावरच्या वाचकांनी वर "शांतता राखा" असा निरोप पाठवला.

मग रांगच लागली. कुणाचं खरं, कुणाचं खोटं. खोटं निघालं की भिंगबाई पेनानं स्वतःच्याच सहीवर आडवी रेघ मारत होत्या, सही केली होती तितक्याच सावकाश. डॉक्टरांचं खोटं निघालं. त्यांनी ते हसून दिलं, पण जरा वेळानं हळूच म्हणाले, "बाई, पोस्टानं बाहेरगावी गेलेली किती असतील! एकटीनं पुन्हा तपासायची म्हणजे वर्ष जाईल."

"जाऊ दे," भिंगबाई म्हणाल्या. तेवढंच. आणि पुढचं नाणं घेतलं.

मी त्यांच्याकडे बघत होते. बाही धुळीनं मळलेली, गळ्यात बुटाची नाडी, समोर स्वतःच्या चुकांचा ढीग, आणि ही बाई तो ढीग असा उपसत होती जणू त्यात सोनं सापडणार आहे. मला मोठं होऊन काय व्हायचंय असं विचारलं की मी आजवर दर वेळी वेगळं उत्तर दिलंय. आता विचारा.

निघताना मी नऊचं नाणं मागितलं. त्यांनी दिलं नाही. "हे शिकवायच्या डबीत जाईल. पुढच्या भोंग्याला पायरी कशी असते ते दाखवायला."

"नाव माझंच लावा पण."

"नाक बघ हिचं! लावते."

बाहेर वकिलीण म्हणाली, "एकूण काय, तू हरलीस की जिंकलीस?"

"तू वकील आहेस, तू ठरव," मी म्हटलं आणि पळत घरी आले.

आई आणि बाबा दोघंही दुकानातच होते. बाबा मशीनच्या जाळीतून कपड्यांचा भुसा काढत होते, आई एका कोटाला बटणं लावत होती. कोपऱ्यात मामाकडे न्यायच्या बॅगा उघड्या पडल्या होत्या, कारण परवापासून सुट्टी आणि आम्ही दर सुट्टीत मामाकडे जातो. माझ्या पोहण्याच्या कपड्यांची घडी आईनं सगळ्यात वर ठेवली होती.

"काय म्हणाली सभा?" बाबांनी विचारलं. "आमचं चार नंबरचं मशीन गाजलं की वाजलं?"

मी दार लावून घेतलं. सगळी मशीन घरघरत होती, पण माझ्यापुढे त्यांचा काय टिकाव लागणार!

"मी मामाकडे येत नाही. तुम्ही दोघं जा. मी सुट्टीभर भिंगबाईंकडे बसणार, त्यांनी सही केलेलं प्रत्येक दुहेरी नाणं परत येईल आणि आम्ही ते पुन्हा तपासणार. झोपायला आत्याकडे जाईन, तिला वाटेतच विचारून आलेय, ती हो म्हणालीय. भिंगबाईंना अजून विचारलेलं नाही, त्या नको म्हणतील, तरी मी बसणार. आणि आई, माणसं दोन झाली तर दिवे दोन लागतील, म्हणून तुझा शिलाईचा दिवा मी नेतेय."